तेराव्यानंतर कोण येतं? सार्वजनिक ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे आणि ग्रंथपाल

सप्रेम नमस्कार.

२७ फेब्रुवारीला आपल्याकडे कविसंमेलन होतं, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी मुलं कविता म्हणतात. दोन्ही वेळा कविता मंचावरून येते आणि समोरचे ऐकतात. आमची मागणी याच्या उलटी आहे. पंधरा दिवसांतून एक दुपार, दीड तास, कविता मध्ये ठेवून ग्रंथालयाने ऐकावं आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांनी बोलावं.

माणूस गेल्यावर घर तेरा दिवस भरलेलं असतं. दहाव्याला घाटावर प्रवचन होतं, तेराव्याला पंगत उठते. कुणाकडे चाळिसावा असतो, कुणाकडे पुण्यानुमोदन. रीती वेगळ्या, पण त्यानंतर सगळीकडे एकच घडतं. पाहुणे आपापल्या गावी जातात, सतरंज्या मंडपवाल्याकडे परत जातात, आणि गेलेल्या माणसाचं नाव घरात कमी कमी निघू लागतं. शेजारीपाजारी ते नाव टाळतात, कारण आपण काढलं तर घरच्या बाईला रडू येईल अशी त्यांना धास्ती असते. रडू तर येतंच. ते मोरीत येतं, नळ सोडून.

हे काम दवाखान्याचं आहे असं आपल्याला वाटेल. काही जणांच्या बाबतीत ते आहेच, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण दवाखान्याची पायरी चढायला आधी आपण आजारी आहोत असं कबूल करावं लागतं, आणि शोक हा आजार नाही. देवळात, दर्ग्यात, विहारात, चर्चमध्ये ज्याची त्याची माणसं जातात. ग्रंथालयात मात्र कोण का आलं हे कुणी विचारत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावागावांत हे एक दार सगळ्यांना उघडं ठेवलं आहे. तिथे टेबल आहे, उजेड आहे आणि कपाटात कविता आहेत. ‘ड’ वर्गाच्या एका खोलीच्या ग्रंथालयालाही हे जमण्यासारखं आहे.

मराठीत दुःख ऐकण्याची एक पक्की सोय पूर्वी होती. ती जात्यापाशी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांसमोर ठेवत आहे, त्यांतल्या कित्येक बायकांच्या स्वतःच्या आवाजात. त्या ऐकताना शब्दांइतकंच बैठकीकडे लक्ष द्या. पहाटेचा अंधार. दोघी समोरासमोर, पण नजर जात्यावर. खुंट्यावर दोघींचे हात, मधूनमधून मूठभर दाण्यांची वैरण घालायची. दगडाची घरघर अशी की गळा दाटला तरी ओसरीवर कळू नये. एक ओवी म्हणते, दुसरी तिची री ओढते. ही दुसरी ‘रडू नको’ म्हणत नाही, उपाय सांगत नाही, स्वतःची कर्मकहाणी मध्ये आणत नाही. ती पहिलीचेच शब्द पुन्हा म्हणते आणि जातं ओढते. निम्मा भार खरोखरच तिच्या हातात असतो.

ओवीच्या बांधणीतही ही दुसरी बाई आहे. ‘सांगते बाई तुला’ हे शब्द ओव्यांमध्ये जागोजागी येतात. नुसती मात्रा भरायला ते आलेले नाहीत. ऐकणारीची जागा ओवीनेच राखून ठेवलेली असते. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. पण जात्याबरोबर ती ऐकणारीही उठून गेली. तिच्या जागी दुसरं कुणी बसलं नाही.

तेव्हा जात्यापाशी चार गोष्टी एकत्र होत्या: हाताला काम, नजरेला टेकायला दुसरी जागा, बोलण्यासाठी तयार साचा आणि री ओढणारं माणूस. आम्ही जिला कविता-बैठक म्हणतो ती या चारांची पुन्हा केलेली मांडणी आहे. यातलं एक जरी काढलं तरी बैठक एक तर कविसंमेलन होते, नाही तर समुपदेशनाची नक्कल.

आता मांडणी सांगतो.

माणसं सहा ते आठ. चारच असतील तर प्रत्येकाला बोलणं भाग पडल्यासारखं होतं. दहाच्या वर गेली की शेवटच्या दोघांना वेळ उरत नाही, आणि पुढच्या वेळी नेमके तेच येत नाहीत. माणूस जाऊन निदान दोन महिने झालेल्यांनाच निरोप द्या. त्याआधी कुणी आपणहून आलं तर परत पाठवू नका. दहा वर्षांपूर्वीचं दुःख घेऊन कुणी आलं तर त्यालाही बसू द्या. कोरोनाच्या वर्षांत ज्यांना अंत्यदर्शनही मिळालं नाही, अशी माणसं अजून थांबलेली आहेत. एकूण आठ बैठका, पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे साधारण चार महिने. तिसऱ्या बैठकीनंतर नवीन माणूस घेऊ नका. त्याला पुढच्या फेरीत बोलवा. नवा माणूस आला की बसलेल्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि ते पुन्हा लोकांना सांगायचं तसं सांगू लागतात.

ग्रंथालयाची दोन माणसं लागतात, एक वाचणारं आणि एक ऐकणारं. वाचणाऱ्याकडे कागद आणि घड्याळ. ऐकणाऱ्याने फक्त माणसांकडे पाहायचं. एकट्याने हे करू नका. कुणी उठून बाहेर गेलं तर मागे कोण जाणार आणि खोलीत कोण थांबणार, हा प्रश्न पहिल्या दोन बैठकांतच उभा राहतो. या दोघांपैकी कुणाच्या घरी त्या वर्षात मृत्यू झाला असेल तर त्याने त्या फेरीत इतरांसारखं बसावं, काम करू नये.

हाताला काम म्हणून भुईमुगाच्या शेंगा ठेवा. माणशी पावशेर, आठ जणांना दोन किलो, दोन सुपं आणि टरफलांना एक पाटी. वाती वळायला देण्याची सूचना हमखास येते. तसं करू नका. वात ही पूजेची वस्तू आहे, ती खोलीतल्या प्रत्येकाच्या घरची नसते. शेंगा सगळ्यांच्या घरच्या असतात. शिवाय शेंग फुटताना आवाज होतो, आणि त्या बारीक कटकटीत अवघड वाक्य बोलून जाता येतं. हिवाळ्यात मटार चालतो, उन्हाळ्यात चिंचा फोडून चिंचोके काढता येतात. सोललेलं ज्याने त्याने घरी न्यावं.

दार लोटलेलं असावं, कडी नसावी. पाण्याचा तांब्या आणि भांडी मध्ये, सगळ्यांच्या हाताला येतील अशी ठेवा. कुणी रडू लागलं की पटकन पाणी पुढे करण्याचा मोह होतो. त्याचा अर्थ समोरच्याला ‘आता पुरे’ असा लागतो. तांब्या जवळ असला की ज्याला हवं तो घेतो. पाठीवरून हात फिरवण्याचंही तसंच आहे, न विचारता करू नका.

पहिली दहा मिनिटं नावांची. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, आणि गेलेल्या माणसाला घरात काय म्हणून हाक मारायचे तेही सांगायचं. अण्णा, बाय, अम्मीजान, छोटी. एवढंच. ‘कशाने गेले?’, ‘वय काय होतं?’ हे प्रश्न बैठकीत नसावेत. ती हकिकत तेरा दिवसांत चाळीस वेळा सांगून झालेली असते. तिचा आता दगड झालेला असतो, आणि माणूस त्या दगडामागे बसून राहतं. हाकेचं नाव मात्र बरेच दिवसांत कुणी मोठ्याने उच्चारलेलं नसतं.

नंतरची वीस मिनिटं कवितेची. कविता आठ ते सोळा ओळींची, एका कागदावर, सोळा-अठरा पॉइंटच्या ठसठशीत अक्षरात, कवीचं नाव तळाशी. ती तीनदा वाचायची. पहिल्यांदा वाचणाऱ्याने, साध्या आवाजात. इथे नाट्यवाचन घात करतं. वाचणाऱ्याचा कंठ दाटला की बसलेल्यांना त्याला सांभाळावं लागतं. मग दहा श्वास थांबायचं. दहा श्वास म्हणजे जवळपास पाऊण मिनिट, आणि न सवयीच्या माणसाला ते फार लांब वाटतं, म्हणून मनात मोजा. दुसऱ्यांदा बैठकीतल्या कुणीतरी वाचावी. तिसऱ्यांदा एकेकाने एकेक ओळ. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजाऱ्याची ओळ ऐकून पुन्हा म्हणायची. हीच जात्यावरची री आहे, म्हणून त्यांना ती सगळ्यात छान जमते.

त्यानंतर एकच प्रश्न: ‘कुठली ओळ अडकली?’ ‘आवडली’ असं विचारू नका. ‘आवडली’ म्हटलं की शाळेचा तास सुरू होतो आणि लोक रसग्रहण करू लागतात. ‘अर्थ काय?’ तर मुळीच नको. कुणी म्हणालं, ‘मला एकही नाही अडकली’, तर तेही उत्तर आहे.

पुढची पंचवीस मिनिटं बैठकीचा गाभा आहेत, आणि बहुतेक चुका इथेच होतात. समजा एक बाई म्हणाल्या, ‘अजून मी दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते.’ ऐकणाऱ्याने त्यांचेच शेवटचे शब्द परत द्यायचे: ‘एक ओतून देता.’ आणि गप्प राहायचं. त्या पुढे बोलतील किंवा शेंगा सोलत राहतील, दोन्ही ठीक. ‘होईल हळूहळू सवय’ असं कुणी म्हटलं की दार लागलं. त्या बाईंना सवय व्हायला नको आहे. ती सवय होईल याचीच तर त्यांना भीती वाटते. तो दुसरा कप टाकणं बंद झालं की माणूस खरंच गेलं. आपण धीर दिला असं आपल्याला वाटतं, त्यांनी मात्र ऐकलं ते ‘हे बोलू नका’.

अशी बरीच वाक्यं आपल्या जिभेवर तयार असतात. पिकलं पान गळणारच. देवाला आवडतो तो लवकर जातो. सुटले बिचारे. मुलांकडे बघ. खंबीर राहा. आमच्या मामांचंही असंच झालं. ही वाक्यं वाईट मनाने कुणी बोलत नाही. पण प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याची अस्वस्थता संपवण्यासाठी असतं. पहिल्या बैठकीआधी दोघा कार्यकर्त्यांनी अर्धा तास फक्त एवढंच करावं: एकाने काहीही सांगावं, दुसऱ्याने शेवटचे दोन-तीन शब्द परत द्यावेत, आणि सल्ला तोंडात आला की बोट वर करावं. अर्ध्या तासात किती वेळा बोट वर जातं ते पाहून पुढचं प्रशिक्षण आपोआप होतं.

कवितेची निवड हा आमच्या मते सगळ्यात नाजूक भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

कवितेतली हातात धरता येतील अशी नामं अधोरेखित करा: घागर, उंबरा, चप्पल, कंदील, बाभूळ. बारा ओळींत अशी पाच तरी निघाली पाहिजेत. ‘जीवन’, ‘नियती’, ‘काळ’, ‘अनंत’ यांचीच गर्दी असेल तर ती कविता बाजूला ठेवा. घागर म्हटलं की प्रत्येकाला आपल्या घरची घागर आठवते आणि तिच्यासोबत माणूस आठवतं. ‘नियती’ म्हटलं की मान डोलते आणि बोलणं थांबतं. शेवटच्या दोन ओळींत उपदेश असलेली कविताही नको. त्या दोन ओळी वगळून वाचण्याची सूचना येईल, तीही नको, कवीच्या कवितेला कात्री लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरी शोधा. आणि कार्यकर्त्याने स्वतःची कविता कधीही आणू नये. तिला दाद द्यावी लागते, आणि दाद देणं ही शोकात असलेल्या माणसावर टाकलेली आणखी एक जबाबदारी आहे.

‘राजहंस माझा निजला’ हे नाव प्रत्येक ठिकाणी सुचवलं जातं. गोविंदाग्रजांच्या या कवितेतली आई मूल गेलंय हे मानायलाच तयार नाही, ते निजलंय म्हणते. कविता थोर आहे, म्हणूनच पहिल्या चार बैठकांत ती आणू नका. जिचं मूल गेलं आहे अशी बाई खोलीत असेल तर ती कविता तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळवते. कवितेने नजर हलकी करायची असते. स्वतःच्याच दुःखाची हुबेहूब कविता समोर आली की माणूस गप्प होतं. थोडी दूरची, पावसाची, वाटेची, रिकाम्या गोठ्याची कविता असली की ते आपल्या पायांनी दुःखापर्यंत चालत जातं.

तुकोबांचंही असंच आहे. दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांचा ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ हा अभंग दहाव्याच्या प्रवचनात सर्रास ऐकवला जातो. ‘बरें जालें’ म्हणण्याचा अधिकार ज्याचं गेलं त्याचा आहे. तो त्याने आपल्या वेळेला, आपल्या तोंडाने वापरायचा. दुसऱ्याने आणून दिलेलं ‘बरें जालें’ हा घाव होतो. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग मात्र जरूर आणा, दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला. भाऊ दुखावून आत बसला आहे, बहीण बाहेर उभी आहे, आणि परत परत एकच मागणं मागते आहे, ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. त्या अभंगांत उपदेश आहे हे खरं. पण तो त्याच घरात तेच भोगलेल्या बहिणीचा आहे, आणि दार उघडायचं की नाही हे तिने आतल्याकडेच ठेवलं आहे.

आठ कविता सलग एकाच धर्माच्या देवाच्या असू नयेत. इंदिरा संत, ग्रामीण कविता, दलित कविता, लावणी-पोवाड्यांच्या बाहेरची शाहिरी, भाषांतरित उर्दू नज्म, सगळं कपाटात असतं. ग्रंथपालाइतकं ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून हे पत्र आम्ही आपल्यालाच लिहीत आहोत.

आता लिहिण्याची पंधरा मिनिटं. कागदावर उतरवलं की दुःख हलकं होतं, हे सरसकट खरं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये रोज पंधरा मिनिटं असं चार दिवस मनातलं लिहायला लावण्याचा प्रयोग मांडला, आणि ही कल्पना जगभर पसरली. पण नेदरलँड्समध्ये शोकाचा अभ्यास करणारं स्ट्रोबे दांपत्य आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, नुकताच जोडीदार गमावलेल्यांना भावना लिहून काढल्याने शोकातून लवकर सावरता आलं असं दिसलं नाही. म्हणून लिहिण्याची सक्ती करू नका, आणि त्यातून बरं वाटेल असं आश्वासनही देऊ नका. लिहायचं ते एवढ्यासाठी की कुणाला तरी ते वाचून दाखवता यावं.

मोकळं पान पाहून हात थिजतो. साचा दिला की चालतो. मोठ्या अभंगाचा साचा आपल्या कानात बसलेलाच आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. वरची तुकोबांची ओळ बोटांवर मोजून दाखवा. नमुन्यासाठी आम्ही एक रचली आहे:

चष्मा फळीवर । धूळ काचेवर ।
बोट काडीवर । थांबलेले ॥

यात दुःख, आठवण, अश्रू यांपैकी एकही शब्द नाही. सूचना द्यायची ती हीच: त्यांची एक वस्तू घ्या, ती आत्ता कुठे आहे ते सांगा, तिच्यावर किंवा तिच्यापाशी काय आहे ते सांगा, शेवटच्या चार अक्षरांत थांबा. शेवटचा चरण आखूड असल्याने वाक्य पूर्ण व्हायच्या आत संपल्यासारखं होतं. ते तसंच राहू द्या. अक्षरं जास्त झाली, यमक चुकलं, तर कुणी दुरुस्त करू नये. बोटांवर अक्षरं मोजणं हेदेखील शेंगा सोलण्यासारखं काम आहे. मोजताना मन थोडं बाजूला बसतं आणि मग नको वाटणारा शब्द सहज येतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लेखनिक हवा. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांनी म्हटलेलं त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकात आली. टिपणाऱ्यांनी त्यांची बोली प्रमाण मराठीत ‘नीट’ केली असती तर काय उरलं असतं याचा विचार करा. आपल्या लेखनिकाने बाई ‘व्हता’ म्हणाल्या तर ‘व्हता’च लिहावं. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवावं, ‘असंच म्हणालात ना?’ एवढं विचारावं आणि कागद त्यांच्या हातात द्यावा. पेन्सिल वापरा. खोडता येतं हे दिसलं की माणूस धीराने बोलतं.

तो कागद ग्रंथालयाचा नाही. फाइलला लावायचा नाही, वार्षिक अंकात छापायचा नाही, व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचा नाही. सातव्या-आठव्या बैठकीच्या सुमारास कुणीतरी उत्साहाने म्हणेल की या रचनांचा कार्यक्रम करू, पुस्तिका काढू. पुष्कळ बैठका इथे मोडतात. कारण त्या क्षणापासून माणसं एकमेकांशी बोलणं सोडून वाचकांसाठी रचू लागतात. इंदिरा संतांच्या पतीचं निधन १९४६ चं, ‘शेला’ हा त्यांचा संग्रह १९५१ चा. मधली पाच वर्षं त्यांच्याकडे कुणी पुस्तिका मागितली नाही हे बरंच झालं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अनुदानासाठी कार्यक्रमांची नोंद लागते हे आम्ही जाणतो. नोंदवहीत तारीख, वेळ आणि उपस्थितांचा आकडा लिहा, नावं नकोत. फलकावर ‘कविता-बैठक, बुधवार, दुपारी ३’ इतकंच असावं. ‘शोकाकुलांसाठी’ असा शब्द बाहेर दिसला की गावात आत जाणाऱ्याकडे माना वळतात, आणि वर्षाच्या आत बाहेर पडलेल्या विधवेला तर सासरी जाब द्यावा लागतो. निमंत्रण तोंडी, ओळखीच्या माणसाने घरी जाऊन द्यावं. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना कुणाच्या घरात काय झालंय ते माहीत असतं. छायाचित्र नको. दीपप्रज्वलन, पाहुणे, गुलाबपुष्प काहीही नको.

पुरुष बैठकीला येत नाहीत, अशी तक्रार होईल. ते आपल्याकडे आलेलेच आहेत. सकाळी वर्तमानपत्राच्या टेबलाशी रोज तीन तास बसणाऱ्या गृहस्थांपैकी कितीजणांच्या घरी आता चहा विचारणारं कुणी नाही, हे ग्रंथपालाला चेहऱ्यावरून कळतं. त्यांना ‘या, बोलू’ म्हटलं तर येणार नाहीत. ‘एक कविता मोठ्याने वाचायला माणूस हवाय’ म्हटलं तर येतील. त्यांचं बोलणं सुरुवातीला दवाखान्याच्या तारखा, बिलं, डॉक्टरांची नावं यांतच फिरतं. तोही शोकच आहे, हिशेबाच्या वेशातला. तारखेचीच री ओढा: ‘चौदा तारखेला सकाळी.’

शेवटची वीस मिनिटं चहाची आणि कामांची. ही भर म्हणून जोडलेली नाहीत. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकात असलेलं माणूस गेलेल्याकडे आणि पुढच्या संसाराकडे असं आलटून पालटून ये-जा करत असतं, आणि ही ये-जा होत राहणं हेच सावरणं. म्हणून बैठकीतून उठताना हाताला पुढचं एखादं काम लागलं पाहिजे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत झाली नसेल तर आता काय करायचं, सातबाऱ्यावर वारस नोंद कशी लावायची, बँकेत वारसाचा अर्ज कोणता, विम्याच्या दाव्याला काय जोडायचं. हे अर्ज ग्रंथालयात ठेवा आणि तिथेच भरून द्या. एखाद्या बाईला कवितेतली एकही ओळ अडकली नाही तरी वारस नोंदीसाठी ती पुढच्या बुधवारी येते. तेवढंही पुरेसं आहे.

आता दवाखान्याबद्दल. माणूस जाऊन वर्ष उलटलं तरी रोजची कामं उभीच राहत नसतील, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण नसेल, दारू वाढत चालली असेल, तर कविता पुरत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे सोबत करून घेऊन जा. ‘त्यांच्याकडेच जावंसं वाटतं’ असं कुणी म्हणालं तर ते अलंकारिक बोलणं समजू नका. बाजूला घेऊन सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट सांगायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, विश्वासातल्या नातेवाइकाला बोलवा, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसरीकडे हलवायला सांगा, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिथेच बसून लावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो. हा क्रमांक प्रत्येक कवितेच्या कागदाच्या मागे छापलेला असू द्या. ज्यांच्या घरी आत्महत्या झाली आहे त्यांच्या बैठकीत मृत्यूला कुशीत घेणारी, मरणाला सखा म्हणणारी कविता आणू नका, ती कितीही सुंदर असो. आणि त्यांना ‘का?’ कधीही विचारू नका. तो प्रश्न ते रात्रंदिवस स्वतःलाच विचारत आहेत.

मुलांसाठी ही बैठक नाही. त्यांना खेळ आणि चित्र लागतं, त्याची मांडणी वेगळी.

बैठक संपल्यावर दोघा कार्यकर्त्यांनी दहा मिनिटं मागे थांबून टरफलं भरावीत आणि एकमेकांना आपली अडकलेली ओळ सांगावी. घरी जाऊन जोडीदाराला हकिकती सांगायच्या नाहीत, म्हणून ही दहा मिनिटं लागतात.

आपल्या पुढच्या मासिक सभेत ठेवता येईल असा ठरावाचा मसुदा सोबत देत आहोत. गरजेप्रमाणे वार आणि वेळ बदलावी:

‘दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी दुपारी ३ ते ४.३० वाचनकक्षात कविता-बैठक होईल. त्या वेळात कक्षात छायाचित्रण, भाषण, सत्कार होणार नाही. उपस्थितांची नावे नोंदवली जाणार नाहीत. बैठकीत लिहिलेला प्रत्येक कागद लिहिणाऱ्याकडेच राहील. दोन किलो शेंगा, दहा छायाप्रती आणि चहा यांचा खर्च किरकोळ खर्चातून करावा. बैठक आठ वेळा होईल, उपस्थिती दोनच असली तरीही.’

शेवटचं वाक्य मसुद्यातून काढू नये, ही कळकळीची विनंती. पहिल्या बैठकीला बहुधा दोघंच येतील.

आपले,
ओवी, कविता आणि शोकाकुलांसोबतच्या कामातले काही जण